प्रबंध कोणाच्या हाताखाली?



आपल्या बेटावरील मराठी घरांतून काही मुले-मुली डॉक्टरी शिकायला भारतात जातात. त्यांतली काही पुढे एम. डी., एम. एस. करतात. मूल निघाले की आपण विचारतो, वसतिगृह कसे, जेवण कसे, फी किती? प्रबंध कोणाच्या हाताखाली होणार, हे कोणी विचारीत नाही.

एम. डी. ची तीन वर्षे विद्यार्थी निवासी डॉक्टर म्हणून रुग्णालयात राबतो. रात्रपाळी, तातडीचे रोगी, बाह्यरुग्ण विभाग, आणि त्यातच एक विषय घेऊन, नीतिसमितीची संमती मिळवून प्रबंध लिहायचा. 2023 च्या नियमांप्रमाणे संशोधन-पद्धतीचा अभ्यासक्रमही त्याला पुरा करावा लागतो. नियम चांगलाच आहे. पण पडद्यावर व्याख्याने ऐकून प्रश्न विचारायची दृष्टी येत नाही. मग वरच्या वर्गातल्या कोणाचा तरी विषय उसना घ्यायचा, शेवटच्या महिन्यांत घाईने लिहायचे, आणि जाड पुठ्ठ्याची वही कपाटात जाऊन पडते.

खरा प्रश्न खाटेजवळ सापडतो. आपल्या पूर्वजांच्या कोकणातलेच उदाहरण घ्या. डॉ. हिंमतराव बावस्कर 1976 साली महाडजवळ बिरवाडीच्या सरकारी आरोग्य केंद्रात तरुण डॉक्टर म्हणून आले. तेथे लाल विंचवाच्या दंशाने माणसे दगावत. (आपल्या बेटावर हे भय नाही, म्हणून नवल वाटेल.) त्यांनी रोग्यांची नाडी, रक्तदाब, घाम, थंड पडलेले हातपाय टिपून ठेवले. हृदयावर ताण येतो आणि फुप्फुसांत पाणी भरते, हे ध्यानी आले. पुढे पुण्याला एम. डी. करून ते महाडला परतले आणि रक्तदाबावरचे प्राझोसिन हे औषध या रोग्यांना देऊ लागले. ते निष्कर्ष 1986 मध्ये ‘लॅन्सेट’ने छापले. 2011 साली 70 रोग्यांवर पद्धतशीर तुलना केली, तेव्हा प्राझोसिनबरोबर विंचवावरची प्रतिलसही दिली तर रोगी लवकर बरे होतात असे दिसले.

असे प्रत्येकाला एकट्याने साधेल काय? आम्हा शिक्षकांना प्रशिक्षणात पर्यवेक्षक मागच्या बाकावर वही घेऊन बसलेले आठवतात. पाठ संपला की ते विचारीत, ‘हा प्रश्न मुलांना का विचारलात?’ निवासी डॉक्टरालाही असेच कोणी लागते. प्रश्न लहान करून देणारा. किती रोगी लागतील हे आधी मोजायला लावणारा. नोंदी दर आठवड्याला उघडून पाहणारा, आणि ‘फरक आढळला नाही’ हेही उत्तरच आहे, आकडे वळवू नकोस, असे बजावणारा. शेवटची गोष्ट आम्हाला सर्वांत मोठी वाटते, कारण त्या आकड्यांवर उद्या कोणाला तरी औषध दिले जाईल.

आपल्या घरात हा विषय दूरचा नाही. मॉरिशसमध्ये पाचांतल्या जवळजवळ एका प्रौढाला मधुमेह आहे. 1987 सालापासून त्याची पाहणी होत आली आहे. परत येणाऱ्या मुलापुढे प्रश्न वाढूनच ठेवले आहेत: पायाची जखम चिघळेपर्यंत रोगी घरी का बसतो? गोळ्या मध्येच का सोडतो?

तेव्हा पुढल्या खेपेला प्रवेशाचे कागद आले की एवढे विचारा: मार्गदर्शकाकडे एका वेळी किती विद्यार्थी असतात? तो आठवड्यातून अर्धा तास देतो का? आणि मागच्या विद्यार्थ्यांचे प्रबंध कोठे छापून आले?