मेंदूतली रक्तवाहिनी फुटली, ऑपरेशनही झालं. मग रुग्ण बरा होणं कशावर ठरतं?

‘ऑपरेशन यशस्वी झालं,’ असं डॉक्टर सांगतात. तरीही रुग्णाला पुढे बरेच दिवस आयसीयूत का ठेवतात?

मेंदूतल्या रक्तवाहिनीची भिंत कमकुवत झाली की तिथे फुगा येतो. त्याला एन्युरिझम म्हणतात. तो फुटला की मेंदूभोवती रक्त पसरतं. डॉक्टर कवटी उघडून फुग्याला क्लिप लावतात किंवा जांघेतून नळी नेऊन त्यात कॉइल भरतात. त्यामुळे पुन्हा रक्तस्राव होण्याचा धोका टळतो. आधी झालेली इजा मात्र त्याने भरून निघत नाही.

धोका कशाने वाढतो?

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे, दवाखान्यात पोहोचताना रुग्ण किती शुद्धीत होता. त्याशिवाय वय, सीटी स्कॅनमध्ये दिसणारं रक्त, आधीपासूनचा रक्तदाब यांवरही बरंच अवलंबून असतं. उपचाराआधी फुगा पुन्हा फुटला तर जीव वाचणं अवघड होतं. हा धोका पहिल्या 24 तासांत सर्वाधिक असतो.

भोर-वेल्ह्यात वेळ का मोलाची?

भोर ते पुणे अंतर साधारण 50 किलोमीटर. वेल्ह्यात, म्हणजे आताच्या राजगड तालुक्यात, डोंगरातल्या वाडीवरून मुख्य रस्त्याला येण्यातच वेळ जातो. त्यात ‘पित्ताने डोकं दुखतंय’ म्हणत गोळी घेऊन झोपलं, तर मोलाचे तास हातचे जातात. क्षणात उठलेली, आयुष्यात कधी झाली नव्हती अशी डोकेदुखी, सोबत उलटी, मान आखडणं किंवा शुद्ध हरपणं दिसलं तर लगेच 108 ला फोन करा. सीटी स्कॅन आणि न्यूरोसर्जन असलेल्या रुग्णालयातच न्यायला सांगा.

क्लिप की कॉइल?

2002 साली प्रसिद्ध झालेल्या ‘आयसॅट’ अभ्यासात 2,143 रुग्ण होते. दोन्ही उपचार शक्य असलेल्या या रुग्णांपैकी वर्षभरानंतर मृत किंवा परावलंबी झालेल्यांचं प्रमाण कॉइलच्या गटात 23.7 टक्के, तर क्लिपच्या गटात 30.6 टक्के होतं. पण प्रत्येक फुग्यात कॉइल भरता येत नाही. त्याचा आकार आणि जागा पाहून डॉक्टर ठरवतात.

ऑपरेशननंतर काय?

साधारण चौथ्या ते चौदाव्या दिवसादरम्यान मेंदूच्या रक्तवाहिन्या आकसू शकतात. मग रक्तपुरवठा कमी होऊन लकवा येऊ शकतो. म्हणूनच निमोडिपिन हे औषध सहसा 21 दिवस देतात. ते स्वतःहून बंद करू नका. मेंदूत पाणी साठणं, सोडियम कमी होणं, ताप, न्यूमोनिया यांवरही डॉक्टरांचं लक्ष असतं.

घरी आल्यावर थकवा, विसरभोळेपणा, चिडचिड महिनोन्‌महिने राहू शकते. तो आळस किंवा हट्ट नव्हे, आजाराचाच भाग आहे. बिडी-सिगारेट कायमची सोडणं, रक्तदाबाची गोळी न चुकवणं आणि तपासणीला वेळेवर जाणं, हे मात्र रुग्णाच्या आणि घरच्यांच्या हातात असतं.