काटा अडखळतो तेव्हा

नवीन पनवेलचं पिल्लई अभियांत्रिकी महाविद्यालय घ्या, नाहीतर राज्यातलं दुसरं कुठलंही. मेकॅनिकलच्या मुलांना एक प्रॅक्टिकल चुकत नाही: पोलादाची सळई ताणून तोडायची. जर्नलमध्ये त्याची जेमतेम दोन-तीन पानं होतात. पण यंत्रापुढे उभं राहून बघाच!

मऊ पोलादाची सळई, १० मिलिमीटर जाड. यूटीएमचे, म्हणजे युनिव्हर्सल टेस्टिंग मशीनचे, जबडे तिला दोन्हीकडून धरतात आणि ओढू लागतात. एक टन, दीड टन... आणि सळई वाढली किती? ५० मिलिमीटर लांबीत ०.०६ मिलिमीटरसुद्धा नाही! भार काढा, ती पुन्हा होती तेवढी.

दोन टनांच्या आसपास मात्र भार दाखवणाऱ्या डायलचा काटा अडखळतो. सळई लांबतेय, पण भार वाढत नाही. उलट किंचित उतरतो. आत काय घडलं?

१९२६ मध्ये भौतिकशास्त्रज्ञ याकोव्ह फ्रेंकेल यांनी हिशेब मांडला होता. अणूंचा अख्खा थर दुसऱ्यावरून सरकवायला जेवढं बल लागायला हवं, त्याच्या कितीतरी कमी बलात धातू वाकतात. असं का? १९३४ मध्ये टेलर, ओरोवान आणि पोलान्यी या तिघा शास्त्रज्ञांनी स्वतंत्रपणे एकच उत्तर दिलं. मोठी सतरंजी एकदम ओढली तर हलत नाही. कडेला सुरकुती पाडून ती पुढे ढकलत नेली, की सहज सरकते. अणूंच्या रांगांतही अशा सुरकुत्या असतात, त्यांना डिस्लोकेशन म्हणतात. पोलादातले कार्बनचे अणू त्यांच्याभोवती गोळा होऊन त्यांना जखडून ठेवतात. काटा अडखळतो तो ही पकड सुटते तेव्हा! इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली या सुरकुत्या सरकताना दिसल्या १९५६ मध्ये; प्रयोगशाळेतल्या मुलाला मात्र त्यांची हालचाल साध्या डायलवर कळते. हे पुस्तकातला तयार आलेख बघून कसं उमगणार?

पुढे भार तीन टनांवर जातो, सळई एका जागी बारीक होते, तिला ‘मान’ येते, आणि धाडकन आवाज! तुटलेल्या जागेला हात लावला तर ती कोमट लागते, कारण ओढण्यात खर्ची पडलेली बहुतेक ऊर्जा उष्णता झालेली असते. एका तुकड्याचं टोक वाटीसारखं, दुसऱ्याचं शंकूसारखं. फाटायला सुरुवात बाहेरून नाही, अगदी गाभ्यातून झालेली असते.

आता त्याच जबड्यांत ओतीव लोखंड लावा. ना अडखळणं, ना मान. एका क्षणात सपाट तुकडे. इमारतीच्या काँक्रीटमध्ये पोलादाच्याच सळया का घालतात, हे मग त्या मुलांना सांगावं लागत नाही.