अंतर्दर्शक शल्यकर्मातील ऊतक-कर्षण

उघड्या शल्यकर्मात वैद्याचा एक हात छेद घेतो व दुसरा ऊतक ताणून धरतो. जठराच्या किंवा आतड्याच्या अस्तरातील प्रारंभिक अर्बुद अंतर्दर्शकाने काढताना हा दुसरा हात उरत नाही. कारण नेहमीच्या अंतर्दर्शकात उपकरणासाठी सुमारे ३ मिलिमीटर व्यासाची एकच वाट असते. अस्तर सैल पडले, की त्याखालचा थर दृष्टीआड होतो आणि सुरी खोल जाऊन भित्तीस छिद्र पडण्याचा संभव वाढतो.

कर्षक साधन ही उणीव भरून काढते. सुश्रुताच्या वीस शस्त्रांतील ‘बडिश’ म्हणजे गळच. ओढून घेणे हे त्याचे कार्य. आजची क्लिप मात्र ऊतकास न भेदता पकडते. क्लिपला दोरा बांधण्याची जपानी वैद्य ओयामा यांची रीत २००२ सालची. ती स्वस्त व सोपी. परंतु ओढ केवळ तोंडाच्या दिशेने मिळते आणि दोरा बांधण्यासाठी अंतर्दर्शक एकदा बाहेर काढावा लागतो. स्प्रिंग समोरच्या भित्तीस अडकवल्यास दिशा निवडता येते. ओढ कमी पडली तर अस्तर उचलत नाही. अधिक झाली तर क्लिप निसटते.

नंदुरबार येथे २०२० साली शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. अक्राणी, अक्कलकुवा यांसारख्या डोंगराळ तालुक्यांतील रुग्णास मोठ्या शस्त्रक्रियेसाठी पुन्हा दूर जाणे कठीण. अशा ठिकाणी साधनाची खरी कसोटी नावीन्य नव्हे. अल्प मोल व छिद्र टाळण्याची खात्री, हीच होय.