गाडी घेताय? आधी कागद बघा, मग इंजिन. रंग सगळ्यात शेवटी

गेल्या वर्षी अम्मीचं डायलिसिस सुरू झालं. आठवड्यातून तीन वेळा, गावातून चिपळूणला, एका बाजूचे 28 किलोमीटर. पहिले दोन-तीन महिने रिक्षा, शेजाऱ्यांची गाडी, कधी नाइलाजाने एसटी असं निभावलं. मशीनवरून उठलेल्या माणसाला एसटीच्या पायऱ्या चढायला लावणं म्हणजे काय, ते ज्यांच्या घरात हे आजारपण आहे त्यांनाच कळेल. मग कुवेतहून धाकट्या भावाचा फोन आला, "आपा, मी पाच लाख पाठवतो. गाडी तूच बघ, कर्ज मात्र काढायचं नाही."

व्याजाच्या भानगडीत पडायचं नाही हे आमच्या घरात आधीपासून ठरलेलं. त्यामुळे बजेट पक्कं होतं, पाच लाख म्हणजे पाच लाख. पुढचे दोन महिने मी नवीन-जुन्या मिळून बऱ्याच लहान गाड्या पाहिल्या. त्यात जे शिकले ते इथे लिहिते, कारण आपल्या बहुतेक घरांत गाडी अशीच घेतली जाते. पैसा एकाचा, वापर दुसऱ्याचा, आणि निवड तिसऱ्याच कुणाच्या तरी ओळखीवर.

मी शाळेत गणित शिकवते, म्हणून आधी वही उघडली. 56 किलोमीटर गुणिले तीन गुणिले 52 आठवडे म्हणजे 8,736. बाजार, लग्नकार्य, नातेवाईक धरून वर्षाला 10 हजार किलोमीटर. गाडी बघायला जाण्याआधी हा आकडा प्रत्येकाने काढावा. पेट्रोल की सीएनजी, नवी की जुनी, यातली अर्धी भांडणं त्या एका आकड्याने मिटतात.

पेट्रोल साधारण 105 रुपये लिटर आणि घाटा-खड्ड्यांच्या रस्त्याला 18 चं ॲव्हरेज धरा. वर्षाला 58 हजार होतात. सीएनजी 90 रुपये किलो आणि 26 चं ॲव्हरेज धरलं तर साडेचौतीस हजार. फरक 23-24 हजारांचा. नव्या गाडीत सीएनजी मॉडेलला साधारण 90-95 हजार जास्त मोजावे लागतात, म्हणजे ते वसूल व्हायला चार वर्षं. ज्याचं वर्षाचं फिरणं चार-पाच हजार किलोमीटर आहे, त्याने सीएनजीचा नाद सोडावा. कंपनीच्या जाहिरातीतले 25 आणि 34 चे आकडे प्रयोगशाळेतल्या चाचणीचे असतात, आपल्या घाटातले नव्हेत.

आमचा आकडा सीएनजीच्या बाजूने होता. तरी आम्ही सीएनजी घेतली नाही, आणि कारण अगदी साधं. डिकीत सिलिंडर बसला की व्हीलचेअर बसत नाही. शोरूममध्ये मी घडी केलेली व्हीलचेअर सोबत नेली होती. सेल्समन जरा हसला, पण पाच मिनिटांत निकाल लागला. टाटाने टियागोच्या सीएनजीत एका मोठ्या टाकीऐवजी दोन लहान टाक्या खाली बसवल्या आहेत, त्यामुळे डिकी बरीच मोकळी राहते. ज्यांना सीएनजीच हवी आहे त्यांनी ती जरूर बघावी. पण टियागोची सीट खाली आहे. गुडघे दुखणाऱ्या माणसाला तिच्यात आधी खाली बसावं लागतं आणि उतरताना वर उठावं लागतं. वॅगनआरमध्ये माणूस खुर्चीत बसावा तसा सरळ आत सरकतो. अम्मी दोन्ही गाड्यांत एकेकदा बसली आणि म्हणाली, "मला ही उंचवाली बरी."

इथे एक गोष्ट लपवून चालणार नाही. वॅगनआर सोयीची आहे, पण अपघातात मजबूत नाही. 2023 मध्ये ग्लोबल एनकॅपच्या चाचणीत तिला मोठ्यांच्या सुरक्षेसाठी एक स्टार आणि मुलांच्या सुरक्षेसाठी शून्य मिळाला, गाडीचा सांगाडाही अस्थिर ठरला. टियागोला 2020 मध्ये मोठ्यांसाठी चार आणि मुलांसाठी तीन स्टार होते (नियम तेव्हाचे, पुढे ते कडक झाले). 2025 पासून नव्या वॅगनआरमध्ये सहा एअरबॅग आल्या ही चांगली गोष्ट, पण एअरबॅगने पत्रा जाड होत नाही. महामार्गावर रोज 80-90 ने जाणारा, मागे लहान मुलं बसवणारा माझा भाऊ असता तर मी त्याला टियागोच घ्यायला लावली असती. आमचा रस्ता 40-50 च्या वेगाचा, बसणारी माणसं वयस्क, म्हणून आम्ही दुसरीकडे झुकलो. आणि गाडी कोणतीही असो, पुढच्या सीटवर मांडीत बाळ घेऊन बसायची आपली सवय कोणत्याही स्टारने भरून निघत नाही. मागचा बेल्टसुद्धा शोभेला नसतो.

नवी गाडी का नाही? 22 सप्टेंबर 2025 पासून चार मीटरच्या आतल्या, 1200 सीसीपर्यंतच्या पेट्रोल आणि सीएनजी गाड्यांवरचा जीएसटी 28 वरून 18 टक्के झाला, सेसही गेला. वॅगनआरची सुरुवातीची किंमत पाच लाखांच्या किंचित खाली आली. जाहिरातीत छान दिसतं, पण ती एक्स-शोरूम किंमत. महाराष्ट्रात दहा लाखांच्या आतल्या पेट्रोल गाडीला 11 टक्के रोड टॅक्स आहे. पाच लाखांवर 55 हजार तिथेच गेले. वर विमा, नोंदणी, फास्टॅग. शिवाय कोटेशनच्या कागदावर 'हँडलिंग', 'ॲक्सेसरीज किट' असल्या ओळी असतात. त्या खोडायला सांगा. विमाही शोरूमकडूनच घ्यायची सक्ती नाही, बाहेरून दोन कोटेशन आणून समोर ठेवा, आकडा लगेच खाली येतो. एवढं करूनही सगळ्यात साधं मॉडेल पाच लाखांत रस्त्यावर येत नव्हतं. शिवाय आम्हाला 1.2 लिटरचं इंजिन हवं होतं. 1.0 ची ताकद 67 पीएसच्या आसपास, 1.2 ची 90. पाच माणसं आणि एसी लावून कुंभार्ली घाट चढताना हा फरक कानाने ऐकू येतो.

म्हणून जुनी. जीएसटी कमी झाल्याचा फायदा जुन्या गाडीतही मागायचा असतो, हे बरेच जण विसरतात. नवी स्वस्त झाली की जुनीही व्हायला हवी. विकणारा मात्र "मी सव्वासात लाखांना घेतली होती" इथून सुरुवात करतो. त्याने कितीला घेतली याला अर्थ नाही, तीच गाडी आज नवी कितीला मिळते ते विचारा. अंदाजासाठी विमा कंपन्यांचं कोष्टक बघा: तीन ते चार वर्षांच्या गाडीची किंमत 40 टक्के घटवतात, चार ते पाच वर्षांची 50 टक्के. बाजारात मारुती त्याहून थोडी चढ्या भावाने जाते. अब्बांची पिढी 1983 ला आलेल्या 800 पासून तिच्यावर भरवसा ठेवून आहे, तो भरवसासुद्धा किमतीत मोजावा लागतो.

पहिली पसंत पडलेली गाडी ओळखीतल्याच एका घरची. मालक आखातात, गाडी नऊ वर्षांची, पळालेली फक्त 19 हजार. "आपा, डोळे झाकून घ्या," सगळे म्हणाले. आमच्या गावाकडे अशा गाड्या भरपूर आहेत, वर्षातून महिनाभर मालक येतो तेव्हाच त्या शेडबाहेर निघतात. मेस्त्रीचाचांना घेऊन गेले. त्यांनी किलोमीटरकडे पाहिलंच नाही. टायरच्या बाजूला चार आकडे कोरलेले असतात, पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. तिथे 2316 होतं, म्हणजे 2016 चा 23 वा आठवडा. नक्षी नव्यासारखी, पण रबर कडक होऊन बारीक तडे गेलेले. ब्रेकच्या डिस्कवर गंज, खाली समुद्राच्या खाऱ्या हवेने खाल्लेला पत्रा, बॉनेटखाली उंदरांनी कुरतडलेल्या वायरी. उभी राहिलेली गाडी चाललेल्या गाडीइतकीच झिजते, फक्त मीटरवर ते दिसत नाही.

दुसरी गाडी एका गाड्यांच्या दलालाकडे. चकाचक पॉलिश, आत अत्तराचा वास. चाचांनी सीटबेल्ट धरून पूर्ण बाहेर ओढला. शेवटच्या हातभर पट्ट्यावर मातीची पिवळट रेघ होती. मग स्टेपनीच्या खोलगट भागात हात घातला, तिथेही वाळलेला गाळ. जुलै 2021 मध्ये वाशिष्ठीचं पाणी चिपळूणच्या बाजारपेठेत शिरलं, तेव्हा किती गाड्या बुडाल्या ते आम्ही डोळ्यांनी पाहिलंय. अशी गाडी धुऊन, पुसून, दुसऱ्या जिल्ह्यात फिरून परत बाजारात येऊ शकते. इंजिन चालतं, पण वायरिंग आणि एअरबॅगची यंत्रणा कधी दगा देईल सांगता येत नाही. दलाल म्हणाला, "मॅडम, हे तर सगळ्याच गाड्यांत असतं." आम्ही सलाम करून निघालो.

गाडी बघायला सकाळी जा, आणि आधी फोन करून सांगा की सुरू करून ठेवू नका. पोचल्यावर बॉनेटला हात लावा. गरम असेल तर थंड इंजिनाची खोड लपवायची असू शकते. थंड इंजिन सुरू केल्यावर निळसर धूर म्हणजे ऑइल जळतंय. ऑइलच्या झाकणाखाली दुधाळ चिकटा दिसला तर बहुतेक कूलंट ऑइलमध्ये जातंय, तिथून परत फिरा. चढावर ॲक्सिलरेटर दिला की आवाज वाढतो पण गाडी वाढत नाही, याचा अर्थ क्लच संपलाय. बॉनेटच्या आणि दरवाज्यांच्या बोल्टवरचा रंग उडाला असेल तर ते भाग कधीतरी उघडले गेलेत, का ते विचारा. मीटरवर विश्वास ठेवू नका. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला गाडीच्या नंबरवरून जुन्या सर्व्हिसची नोंद असते, मालकाला तिथे सोबत न्या. 2021 च्या गाड्यांत डाव्या बाजूची एअरबॅग सगळ्या मॉडेलमध्ये नव्हती, डॅशबोर्डवर डावीकडे तसं लिहिलेलं आहे का ते पाहा. 1 एप्रिल 2023 च्या आधी बनलेली गाडी असेल तर 20 टक्के इथेनॉलच्या पेट्रोलवर ॲव्हरेज थोडं उतरतं, तेही हिशेबात धरा. जुन्या सीएनजी गाडीत सिलिंडरची तीन वर्षांनी होणारी टेस्ट झाली आहे का आणि सीएनजी आरसीवर चढवला आहे का, हे दोन प्रश्न पुरेत.

आता कागद. माझ्या मते सगळ्यात मोठा धोका इथेच आहे, आणि आपली माणसं इथेच "घरचेच आहेत" म्हणून गप्प बसतात. एमपरिवहन ॲपवर नंबर टाकून मालक कितवा, बँकेचा बोजा आहे का, विमा आणि फिटनेस कधीपर्यंत आहे ते बघा. थकलेली ई-चलनं वेगळी तपासा. आरसीवरचा चेसिस नंबर गाडीवरच्या नंबराशी स्वतः ताडून बघा. कर्ज फिटलं असं तोंडी सांगून भागत नाही, बँकेची एनओसी आणि फॉर्म 35 हातात हवा. दिल्लीकडून येणाऱ्या गाड्या स्वस्त दिसतात, पण त्यांना तिथली एनओसी लागते आणि इथे रोड टॅक्स पुन्हा भरावा लागतो. मग स्वस्ताई कुठे राहिली?

नावावर करण्यासाठी फॉर्म 29 आणि 30 वर दोघांच्या सह्या लागतात. आपल्याकडे कोऱ्या टीटी फॉर्मवर सही घेऊन ठेवतात आणि नाव वर्षानुवर्षं बदलत नाही. विकणाऱ्यासाठी हे फार वाईट आहे. 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की आरटीओच्या नोंदीत ज्याचं नाव तोच मालक. गाडी चार हात पुढे विकली गेली असली तरी अपघाताची भरपाई त्याच्याच दारात येते. घेणाऱ्याचंही नुकसान आहे. विम्यातलं थर्ड पार्टी कव्हर कायद्याने नव्या मालकाकडे जातं, पण स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचं जात नाही, त्यासाठी 14 दिवसांत विमा नावावर करून घ्यावा लागतो. जुन्या मालकाचा नो क्लेम बोनस तर गाडीबरोबर येतच नाही, तो त्याचा राहतो. म्हणून पहिल्या वर्षी हप्ता वाढणार हे धरून चाला.

शेवटी आम्ही 2022 च्या जानेवारीतली, एका हातची, 1.2 पेट्रोल वॅगनआर घेतली. 38 हजार किलोमीटर, सर्व्हिसची नोंद पूर्ण, चार लाख 55 हजार. विकणारे निवृत्त पोस्टमास्तर. मागच्या दरवाजाला पूर्वी घासलं होतं हे त्यांनी मी विचारण्याआधीच सांगितलं. दहा हजार बयाणा दिला, बाकीचे बँकेतून, आरटीओत अर्ज जमा झाला त्याच दिवशी. चार टायर बदलायला 17 हजार गेले, ट्रान्सफर, विमा आणि किरकोळ कामात आणखी थोडे. भावाला हिशेबाचा फोटो पाठवला. त्याने विचारलं, "रंग कोणता?" मी सांगायचं विसरलेच होते. राखाडी आहे.