सोशल मीडिया आणि मुलांचा आत्मसन्मान: घरच्यांनी काय ओळखावे, काय करावे

रंकाळ्यावर मैत्रिणींसोबत काढलेला फोटो मुलगी इन्स्टाग्रामवर टाकते. लाईक कमी आले म्हणून तासाभरात काढूनही टाकते आणि जेवायला येत नाही. ‘एवढ्याशा फोटोवरून काय रुसायचं?’ असे घरच्यांना वाटते. तिच्यासाठी मात्र प्रश्न फोटोचा नसतो. ‘मी कोणाला आवडत नाही का?’ हा असतो.

आत्मसन्मान म्हणजे काय?
गुणदोषांसह ‘मी ठीक आहे, माझी किंमत आहे’ असे वाटणे म्हणजे आत्मसन्मान. किशोरवयात तो घडत असतो आणि याच वयात मित्रमैत्रिणींचे मत सर्वांत मोठे वाटते.

तो कशामुळे घसरतो?
- तुलना: समोर दिसतो तो फिल्टर लावलेला, निवडक फोटो. मूल त्याच्याशी स्वतःचा रंग, वजन, कपडे, घर ताडून पाहते.
- लाईकची मोजणी: आपली किंमत आकड्यात दिसते असे वाटू लागते.
- टिंगल: वर्गातली चेष्टा आता ग्रुपवरून घरापर्यंत येते.
- झोपमोड: अपुऱ्या झोपेने मन आणखी हळवे होते.

२०२१ मध्ये फेसबुक कंपनीचे अंतर्गत संशोधन उघड झाले. आपल्या शरीराबद्दल वाईट वाटत असताना इन्स्टाग्राममुळे ते आणखी वाढते, असे त्यात ३२ टक्के किशोरवयीन मुलींनी सांगितले होते. मुलग्यांनाही उंची, दाढी, पिळदार शरीर यांवरून असाच त्रास होतो. मात्र परिणाम सर्वांवर सारखा नसतो. आवडीचे शिकायला किंवा मित्रांशी बोलायला केलेला वापर आधारही देतो.

वापर कमी केल्याने फरक पडतो का?
अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाने २०१८ मध्ये १४३ विद्यार्थ्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. तीन ॲप दिवसाला प्रत्येकी १० मिनिटेच वापरणाऱ्यांचा एकटेपणा आणि नैराश्याची लक्षणे तीन आठवड्यांत कमी झाली.

शेजारच्या सांगली जिल्ह्यातील मोहित्यांचे वडगाव या गावाने २०२२ मध्ये वेगळी वाट धरली. संध्याकाळी ७ वाजता भोंगा वाजला की दीड तास टीव्ही-मोबाईल बंद. उद्देश मुलांच्या अभ्यासाचा होता. पण यातून घेण्यासारखी गोष्ट ही की नियम मोठ्यांनाही लागू होता.

घरी काय करावे?
- मोबाईल हिसकावू नका. ‘आज काय पाहिलंस? ते पाहून कसं वाटलं?’ असे विचारा.
- जेवताना आणि झोपण्यापूर्वी तासभर सर्वांचेच मोबाईल बाजूला ठेवा.
- ज्या अकाउंटमुळे वाईट वाटते ते मुलाबरोबर बसून अनफॉलो करा. लाईकचे आकडे लपवायची सोय सेटिंगमध्ये असते.
- दिसण्यावरून चेष्टा घरातही नको. ‘शेजारच्या मुलाकडे बघ’ ही तुलनाच आहे.
- खेळ, तालीम, चित्रकला, घरकाम यांत मुलाला जमणाऱ्या गोष्टीचे कौतुक करा.

डॉक्टरांना कधी दाखवावे?
दोन आठवड्यांहून अधिक काळ उदासी, झोप किंवा भूक बिघडणे, मुद्दाम उपाशी राहणे, शाळा-कॉलेज टाळणे, मित्रांपासून तुटणे दिसले तर मानसोपचारतज्ज्ञांना भेटा. ‘जगून काय उपयोग’ असे बोलणे किंवा स्वतःला इजा करणे दिसले तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. मुलाला एकटे सोडू नका. टेलिमानस ही सरकारी मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर २४ तास मिळते.

मूल बोलायला आले तर आधी पूर्ण ऐकून घ्या. सल्ला नंतरही देता येतो.