मिरचीवर नाहक आळ

भालकी, औराद, बसवकल्याण, कमलनगर, नाहीतर आळंद. बिदर-कलबुर्गीच्या सीमाभागात यांपैकी कुठल्याही गावी कुणी "पोटात आग पडायलीय" म्हणालं, की समोरचा पहिली चौकशी तिखटाची करतो, दुसरी जागरणाची आणि तिसरी घरातल्या कटकटींची. कडक भाकरी, त्यावर ठेचा, शेंगदाण्याची लालभडक चटणी आणि उन्हाळ्यात चाळिशी ओलांडणारा पारा. एवढं असल्यावर पोटात जखम व्हायला आणखी काय हवं? डॉक्टरही बरीच वर्षं याच मताचे होते. तिखट बंद, मसाला बंद, थंड दूध घ्या, चिंता करू नका, हा सल्ला अजूनही निम्म्या दवाखान्यांत ऐकू येतो.

मिरचीची मात्र एव्हाना रीतसर तपासणी झालेली आहे. दिल्लीतल्या डॉक्टरांनी अल्सरच्या रुग्णांचे दोन गट केले. औषध दोघांनाही तेच दिलं, पण एका गटाला रोज ३ ग्रॅम लाल तिखट जास्तीचं खायला घातलं. काही आठवड्यांनी दुर्बिणीतून पाहिलं, तर दोन्ही गटांतल्या जखमा जवळपास सारख्याच भरून आल्या होत्या. हा अभ्यास १९८४ साली प्रसिद्ध झाला. अमेरिकेत १९८८ साली निरोगी माणसांना झणझणीत जेवण देऊन त्यांचं जठर आतून तपासण्यात आलं. जेवणाने फारसं काही बिघडलं नव्हतं. ओरखडे आणि रक्ताचे ठिपके दिसले ते अ‍ॅस्पिरिन घेतल्यावर. तिखटाने जळजळ वाढू शकते, आधीच झालेल्या जखमेला झोंबूही शकतं. जखम करणारे मात्र वेगळे आहेत. दुधाचंही तसंच आहे. घोटभर थंड दुधाने क्षणभर बरं वाटतं, पण दुधातली प्रथिनं आणि कॅल्शियम जठराला आणखी आम्ल सोडायला लावतात.

जठरातलं आम्ल लोखंड गंजवण्याइतकं तीव्र असतं आणि ते दिवसाला दीड-दोन लिटर तयार होतं. जठर स्वतःच त्यात पचून जात नाही, कारण आतल्या भिंतीवर चिकट श्लेष्म्याचा थर असतो आणि खालच्या पेशी दर काही दिवसांनी नव्या येतात. हा थर विरला की आम्ल थेट मांसाला भिडतं आणि तिथे खड्डा पडतो. तोच अल्सर. तो जठरात होतो किंवा जठराला लागून असलेल्या लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागात. कार्ल श्वार्ट्झ या डॉक्टरने १९१० साली सूत्र मांडलं होतं, की आम्ल नसेल तर अल्सरही नाही. ते खरंच होतं. पण आम्ल तर सगळ्यांच्याच पोटात असतं. मग जखम काहींनाच का होते?

या प्रश्नाच्या मागे लागलेला एक माणूस कर्नाटकातच होता. फ्रँक टोवी हे ब्रिटिश शल्यविशारद १९५०-६०च्या दशकांत म्हैसूरच्या होल्ड्सवर्थ मेमोरियल रुग्णालयात काम करत. गावकरी त्याला मिशन हॉस्पिटल म्हणत. आतड्याच्या अल्सरचे रुग्ण त्यांच्याकडे रांगेने येत. कित्येकांच्या जठराचं तोंड जखमेच्या वणांनी आवळून गेलेलं असे आणि काल खाल्लेलं अन्न आज उलटून पडे. तेव्हा इलाज शस्त्रक्रियेचाच होता. जठराचा भाग कापायचा किंवा आम्ल सोडायला सांगणारी नस तोडायची. जुन्या पिढीत बेंबीच्या वर उभा वण असलेली माणसं दिसतात, त्यांतले बरेच या काळातले.

टोवी कापून आणि शिवून थांबले नाहीत. देशभरातल्या रुग्णालयांकडून माहिती जमवून त्यांनी अल्सरचा नकाशाच तयार केला. त्यात दिसलं, की पॉलिश केलेला तांदूळ किंवा साबुकंद हे मुख्य अन्न असलेल्या दक्षिण आणि पूर्व भागांत हा आजार जास्त आहे. कोंड्यासकट गहू, काही भरड धान्यं आणि विशिष्ट कडधान्यं खाणाऱ्या भागांत तो कमी आहे. पुढे त्यांच्या सहकाऱ्यांनी उंदरांवर प्रयोग केले. हुलग्यांमध्ये जठराला जपणारं काहीतरी असावं, असं त्यांना आढळलं. बिदर-कलबुर्गी हा भाकरी आणि तुरीचा मुलूख. हुलग्याचं माडगं आणि शेंगोळे इथल्या घराघरांत होतात. त्यामुळे हा तपशील वाचून इथल्या आजीबाईंना समाधान वाटेल. त्यांनी माडगं खुशाल करावं, फक्त त्याला अल्सरचं औषध मानू नये. उंदरावरचा प्रयोग तिथेच थांबलेला आहे.

टोवींचा नकाशा अजून चर्चेत असला, तरी खरी उलथापालथ ऑस्ट्रेलियातल्या पर्थ शहरात झाली. रॉबिन वॉरन हे तिथले विकृतिशास्त्रज्ञ. जठराच्या तुकड्यांत त्यांना वरचेवर वाकडे, मळसूत्रासारखे जिवाणू दिसत. आम्लात जिवाणू जगूच शकत नाहीत, असं तेव्हा पाठ्यपुस्तकं सांगत होती, म्हणून कुणी लक्ष दिलं नाही. तरुण डॉक्टर बॅरी मार्शल त्यांच्या मदतीला आले. प्रयोगशाळेत जिवाणू वाढवायचे प्रयत्न फसत होते, कारण तबकड्या दोन दिवसांत फेकून दिल्या जात. १९८२च्या ईस्टरच्या जोडसुट्टीत तबकड्या तशाच राहिल्या आणि सुट्टीनंतर त्यांत जिवाणूंच्या वसाहती सापडल्या. तोच हेलिकोबॅक्टर पायलोरी. तरीही तज्ज्ञ मानायला तयार नव्हते. तेव्हा १९८४ साली मार्शल यांनी जिवाणूंनी भरलेलं द्रावण स्वतः पिऊन टाकलं. काही दिवसांत मळमळ, उलट्या आणि तोंडाला दुर्गंधी सुरू झाली. दुर्बिणीने तपासलं, तर जठराला सूज आणि त्यात तेच जिवाणू. दोघांना २००५ साली नोबेल मिळालं. असा प्रयोग आज कुठलीही नैतिकता समिती मंजूर करणार नाही, आणि ते योग्यच आहे.

हा जिवाणू युरियापासून अमोनिया तयार करतो आणि त्या अमोनियाच्या आडोशाला आम्लात तगून राहतो. जगातल्या जवळपास निम्म्या लोकांच्या जठरात तो असतो, भारतात त्याहून जास्त. बहुतेकांना तो काही त्रास देत नाही. अल्सर होतो तो त्यांतल्या दहा-पंधरा टक्क्यांना. तो बहुधा लहानपणीच शिरतो. दाटीवाटीचं घर, अस्वच्छ पाणी, तोंडातून तोंडात जाणारा घास या त्याच्या वाटा आहेत. नंजुंडप्पा समितीने २००२ साली कर्नाटकातल्या मागास तालुक्यांचा जो अहवाल दिला, त्यात सर्वाधिक मागासांमध्ये याच भागातले तालुके मोठ्या संख्येने होते. पुढे संविधानात ३७१ (ञ) हे कलम याच अनुशेषासाठी आलं. अशा भागात पोटाच्या आजाराची चर्चा मिरचीपेक्षा नळाच्या पाण्याने सुरू व्हायला हवी.

चिंतेला मात्र पूर्ण निर्दोष सोडता येत नाही. जपानमध्ये १९९५च्या कोबे भूकंपानंतर रक्तस्राव होणाऱ्या अल्सरचे रुग्ण वाढल्याची नोंद आहे. किल्लारीचा भूकंप जवळून पाहिलेल्या या भागाला ते पटायला जड जाणार नाही. ताण वाढला की दुबळं झालेलं जठर अधिक लवकर हार खातं. बिडी-सिगारेटचाही हात त्यात आहेच. धूर घेणाऱ्याची जखम उशिरा भरते.

दरम्यान चित्र बदललं आहे. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजातल्या दुर्बीण तपासण्यांच्या नोंदी सांगतात, की १९८८ साली शंभरांतल्या सुमारे बारा जणांना आतड्याचा अल्सर सापडत होता. २००८ सालापर्यंत हे प्रमाण तीनच्या आसपास आलं. जठरातला अल्सर मात्र तितका कमी झाला नाही. जिवाणूची पकड सैल होत असताना दुसरा आरोपी पुढे आला, आणि तो मेडिकलच्या दुकानात काही रुपयांना मिळतो.

तुरीची काढणी, उसाची तोड, कंबर वाकवून दिवसभर खुरपणी. संध्याकाळी कंबर आणि गुडघे बोलू लागतात. मग डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन, असेक्लोफेनॅक, नाहीतर गावातल्या आरएमपी म्हणवणाऱ्या डॉक्टरने बांधून दिलेल्या पुड्या. त्या पुडीत बऱ्याचदा स्टेरॉइडही असतं. म्हणूनच "एका पुडीत मोकळं वाटलं" असं लोक सांगतात. वेदनाशामक आणि स्टेरॉइड एकत्र आले, की जठराचा धोका कितीतरी पटींनी वाढतो. त्यात जिवाणू असेल, वय साठीच्या पुढचं असेल आणि हृदयासाठी अ‍ॅस्पिरिन चालू असेल, तर विचारायलाच नको.

या गोळ्या नेमकं काय करतात, ते जॉन व्हेन यांनी १९७१ साली दाखवलं. त्यासाठी त्यांना १९८२चं नोबेल मिळालं. वेदना आणि सूज निर्माण करणारी प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्यं या औषधांनी अडवली जातात. पण जठरावरचा श्लेष्म्याचा थर आणि तिथला रक्तपुरवठा राखणारी द्रव्यंही तीच. म्हणजे नुकसान रक्तातून होतं. "गोळी पोटाला लागते, त्यापेक्षा सुई मारा" हा सर्रास होणारा आग्रह त्यामुळे फोल ठरतो. सुईतून दिलेलं डायक्लोफेनॅकही रक्तातून जठरापर्यंत पोचतंच. साध्या अंगदुखीला योग्य मात्रेतलं पॅरासिटामॉल जठराच्या दृष्टीने बरंच सुरक्षित आहे. हृदयविकारासाठी लिहून दिलेली अ‍ॅस्पिरिन मात्र पोटाच्या भीतीने स्वतःहून बंद करू नये. डॉक्टर तिच्या जोडीला आम्ल कमी करणारी गोळी देऊ शकतात.

आतड्यातल्या अल्सरची कळ बेंबीच्या वर येते, बऱ्याचदा रिकाम्या पोटी किंवा मध्यरात्रीनंतर, आणि दोन घास खाल्ले की शमते. जठरातला अल्सर उलट जेवल्यावर दुखतो. पोट फुगणं, ढेकर, मळमळ हे दोन्हींत होतं. लोक त्या सगळ्याला "गॅस धरला" म्हणून मोकळे होतात. वेदनाशामक घेणाऱ्या म्हाताऱ्या माणसांत तर पुष्कळदा काहीच दुखत नाही. थेट रक्ताची उलटी होते, किंवा डांबरासारखी काळी, चिकट, घाणेरड्या वासाची शौचाला होते. लोहाच्या गोळ्यांनीही शौच काळी होते, पण तिला तो चिकटपणा आणि तो वास नसतो. अचानक सुरी खुपसल्यासारखी कळ आली आणि पोट लाकडासारखं कडक झालं, तर जखमेला भोक पडलेलं असू शकतं. तेव्हा तासांचा हिशेब असतो. शल्यविशारद पोटातल्या चरबीच्या झालरीचा तुकडा त्या भोकावर बसवून टाके घालतात. रॉस्को ग्रॅहम यांनी १९३७ साली लिहून ठेवलेली ही युक्ती जिल्हा रुग्णालयांत आजही रोजच्या कामाची आहे.

अशा वेळी बिदरच्या ब्रिम्स किंवा कलबुर्गीच्या जिम्स रुग्णालयाला जवळ करावं. हैदराबाद, सोलापूर की लातूर, हा वाद घरच्यांनी नंतर घालावा. वाहणारी जखम आता बहुधा पोट न उघडताच थांबवता येते. दुर्बिणीतून औषध टोचतात, चिमटा लावतात किंवा उष्णतेने रक्तवाहिनी बंद करतात. या शास्त्रात हैदराबादच्या एशियन इन्स्टिट्यूट ऑफ गॅस्ट्रोएन्टेरॉलॉजीचे डॉ. डी. नागेश्वर रेड्डी यांचं नाव जगभर घेतलं जातं. २०२५ साली त्यांना पद्मविभूषण मिळालं.

घाई नसलेल्या रुग्णाची तपासणी सोपी असते. वजन घटत असेल, गिळताना अडत असेल, रक्त कमी असेल किंवा उतारवयात त्रास नव्याने सुरू झाला असेल, तर दुर्बीण टाळू नये. जठरातल्या जखमेचा तुकडा तपासायलाच हवा, कारण कर्करोगही सुरुवातीला अल्सरसारखाच दिसू शकतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने १९९४ साली या जिवाणूला कर्करोगकारकांच्या पहिल्या गटात घातलं. जठराचा तुकडा युरिया असलेल्या पिवळ्या जेलमध्ये ठेवला आणि जेल गुलाबी झालं, तर जिवाणू आहे असं समजतं. श्वासाची किंवा शौचाचीही चाचणी असते. फक्त तिच्या आधी दोन आठवडे पॅन्टोप्रॅझोल, ओमेप्राझोल यांसारख्या गोळ्या आणि चार आठवडे प्रतिजैविकं बंद हवीत, नाहीतर जिवाणू असूनही चाचणी कोरी येते. रोज सकाळी चहाआधी स्वतःच्या मनाने 'गॅसची गोळी' घेणारी मंडळी इथेच फसतात.

१९७६ साली आलेल्या सिमेटिडीनने अल्सरची शस्त्रक्रिया मागे सारली. ते शोधणारे जेम्स ब्लॅक १९८८च्या नोबेलचे मानकरी. त्याच घराण्यातलं रॅनिटिडीन पुढे भारतात घरोघरी पोचलं आणि २०२२ साली अत्यावश्यक औषधांच्या राष्ट्रीय यादीतून बाहेर पडलं. आता मदार आहे ती ओमेप्राझोलच्या वर्गावर. या गोळ्या जेवणाआधी अर्धा तास घ्यायच्या. चार ते आठ आठवड्यांत बहुतेक जखमा भरतात. पण जिवाणू तसाच राहिला, तर गोळी थांबल्यावर जखम परतण्याचा धोका मोठा असतो. म्हणून जोडीला प्रतिजैविकांचा चौदा दिवसांचा कोर्स असतो. भारतात क्लॅरिथ्रोमायसिन आणि मेट्रोनिडॅझोलला हा जिवाणू बऱ्याच ठिकाणी दाद देत नाही. सर्दीतापालाही प्रतिजैविकं वाटण्याचं हे फळ. त्यामुळे बरेच डॉक्टर बिस्मथसह चार औषधं देतात. तोंड कडू होतं, मळमळतं, बिस्मथमुळे शौच काळी होते आणि कोर्स चालू असताना दारू वर्ज्य असते. पाचव्या दिवशी पोट दुखायचं थांबलं म्हणून उरलेल्या गोळ्या फडताळात ठेवणारे पुष्कळ आहेत. अर्धवट मारलेला जिवाणू दुसऱ्या खेपेला जास्त चिवट होतो.

कोर्स संपल्यावर किमान चार आठवडे थांबून पुन्हा चाचणी करायची असते. तालुक्याच्या गावांत ही पायरी बहुतेक वेळा गळते. पोट शांत झालेलं असतं आणि पुन्हा बस धरून शहर गाठायचं कुणाच्या मनात येत नाही. जठरातला अल्सर असेल, तर दोनेक महिन्यांनी पुन्हा दुर्बीण टाकून जखम खरंच भरली का, हेही पाहावं लागतं. ज्याला एकदा रक्तस्राव झाला आहे, त्याने आपल्या औषधांच्या चिठ्ठीवर ते ठळक लिहून घ्यावं. पुढच्या वेळी गुडघे दुखले की मेडिकलवाल्याच्या हातात तीच चिठ्ठी द्यावी.