शब्दाची जात जागेवरून ओळखा

आता फळ्यावरचा हा एकच शब्द बघा : बॅक. याची जात कोणती? बरेच जण म्हणतील, नाम. बॅक म्हणजे पाठ. पण वाक्य समोर नसेल तर उत्तर देताच येत नाही. ‘माय बॅक हर्ट्‌स’मध्ये ते नाम आहे. ‘द बॅक डोअर’मध्ये दार कोणतं ते सांगतं, म्हणून विशेषण. ‘कम बॅक’मध्ये क्रियाविशेषण. आणि ‘दे बॅक अस’, म्हणजे ते आपल्याला पाठिंबा देतात, इथे क्रियापद!

मराठीत ‘पाठीला’, ‘पाठीत’ ऐकलं की प्रत्ययावरूनच नाम कळतं. जुन्या इंग्रजीतही असे प्रत्यय होते. पुढच्या काही शतकांत ते बहुतेक झिजले आणि त्यांचं काम शब्दांच्या क्रमावर आलं.

म्हणून मुलांकडून नुसत्या याद्या पाठ करून घेऊ नका. यादी पाठ असलेलं मूल परीक्षेत नेमकं इथेच अडतं. त्याला दोन प्रश्न विचारायला शिकवा. भूतकाळ करता येतो का? ‘दे बॅक्ड अस’ चालतं, म्हणजे क्रियापद. ‘द’ किंवा ‘माय’पासून सुरू झालेला गट कुठे संपतो? त्यातला शेवटचा शब्द बहुधा नाम असतो. ‘द बॅक डोअर’मध्ये तो डोअर आहे, बॅक नव्हे.